समाधान शिकावं लागतं

देवावरच्या विश्वासाबद्दल एका ताईंनी लिहिलंय, "विश्वास खरा असेल तर काळजी उरतच नाही." मला हे पटत नाही. असं ऐकून आधीच घाबरलेला माणूस स्वतःच्या विश्वासावरच शंका घ्यायला लागतो.

बायबलमधल्या प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र (फिलिप्पैकरांस पत्र) लिहिलं ते तुरुंगातून. चौथ्या अध्यायात, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी 'शिकलो' आहे, असं तो म्हणतो. शिकलो! म्हणजे पौलालाही ते आयतं मिळालं नव्हतं. आणि त्याच पत्रात, दुसऱ्या अध्यायात, आजारातून उठलेल्या एपफ्रदीत या आपल्या सहकाऱ्याला त्यांच्याकडे परत पाठवताना, म्हणजे माझं दुःख हलकं होईल, असंही तो मोकळेपणाने कबूल करतो. 'कशाविषयीही काळजी करू नका' हे लिहिणारा माणूस हाच.

आईचं डायलिसिस चालू होतं तेव्हा मला रात्र रात्र झोप यायची नाही. प्रार्थनेत नुसती मागणी असायची. 'काळजी करू नका' म्हणणाऱ्या त्याच वचनात आभारही मानायला सांगितलंय, हे फार उशिरा लक्षात आलं. मग रोज रात्री एकेका गोष्टीसाठी आभार मानू लागले: आज आई दोन घास जेवली, शेजारच्या काकू सोबतीला बसल्या. भीती गेली नाही, पण तिच्याशेजारी प्रभू बसलाय हे जाणवायला लागलं, आणि मला झोप लागू लागली.