ब्लेड परजायचं, पाजवायचं की नुसती धार लावायची?

कुपवाडचा फिटर:
मंडळी एक शंका आहे, जरा लांबड लागेल पण वाचा. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या एका छोट्या युनिटात मेंटेनन्स बघतो मी. एका शेडमध्ये फिल्मचं स्लिटिंग, म्हणजे रुंद रोल कापून अरुंद करणं, दुसऱ्यात भंगार दळायचा ग्राइंडर. मशीनबरोबर आलेला इंग्रजी चार्ट भिंतीवर आहे, पोरं त्याला हात पुसतात. म्हणून म्हटलं ब्लेडची देखभाल मराठीत लिहून लावू. पहिलीच ओळ लिहिली, ‘दर सोमवारी ब्लेड तपासून परजून घेणे’. जेवणाच्या सुट्टीत बघतो तर एक पोरगं पाना डोक्यावर गरागरा फिरवतंय आणि बाकीचे हर हर महादेव.

दुसरी अडचण, आमच्यात ग्राइंडर दोन. भंगार ज्यात टाकतो तोही ग्राइंडर आणि ब्लेड ज्यावर घासतो तोही ग्राइंडरच. परवा जाताना ‘ते ग्राइंडिंगला टाक रे’ म्हणून गेलो, सकाळी येऊन बघतो तर ब्लेडचा सेट टेबलावर जिथल्या तिथं आणि शेजारची स्लिटिंगची ट्रिम, म्हणजे कडेच्या कापलेल्या पट्ट्या, सगळी दळून पोत्यात भरलेली. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. तर शब्द सुचवा, पोरांना कळेल असा.

तासगावकर:
परजणे म्हणजे हत्यार उगारून फिरवणे, वाराच्या तयारीत धरणे. तुमचं पोरगं बरोबर आहे 😀 पेपरवाले ‘तलवारी परजल्या’ लिहितात त्यामुळं लोकांना वाटतं धार लावली. आमच्याकडं विळा, कोयता, कुऱ्हाड पाजवतात. ‘कोयता पाजवून आण जा’ असंच म्हणत आलोय.

विश्रामबाग:
कशाला एवढा खटाटोप, सरळ शार्पनिंग लिहा की. सगळ्यांना कळतं.

कुपवाडचा फिटर:
कळतं हो, पण शार्पनिंग म्हटलं की पोरं हँड ग्राइंडर घेऊन ब्लेडवर बसतात. नुसत्या घासण्यातनं काय होतं ते खाली सांगतो.

मिरजेचा मास्तर:
पाजवणे आणि पाजळणे यात गल्लत होते, म्हणून आधी ते सांगतो. पाजळणे प्रज्वलनातनं आलं, दिवा पाजळतात, अक्कल पाजळतात. शस्त्रं पाजळली असंही म्हणतात पण मूळ अर्थ उजेडाचा. पाजवणे मात्र पाजण्यातलं, म्हणजे पाणी पाजणे, तापलेलं पोलाद बुडवून कडक करणे. संस्कृतात याला पायना म्हणत. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेच्या हत्यारांची पायना तीन प्रकारची सांगितलीय, क्षारात, पाण्यात आणि तेलात, आणि कुठलं काम कुठल्या पायनेच्या हत्यारानं करायचं तेही दिलंय, हाड तोडायला क्षाराचं, मांस कापायला पाण्याचं, रक्ताची शीर उघडायला तेलाचं. तिथंच पुढं धार लावायला उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड आणि धार टिकवायला सावरीच्या लाकडाची फळी सांगितलीय. बघा, पाणी देणं, घासणं आणि धार जपणं ही तीन कामं वेगवेगळी मोजलीत.

घासण्याच्या दगडाला आपल्यात निसणा म्हणायचे, सहाण तर घराघरात होती. आणि कुरुंदाचा दगड ऐकला असेल, इंग्रजीतला कोरंडम शब्द त्याच कुळातला, तमिळमधल्या कुरुंदमवरनं आलेला. तुमच्या ग्राइंडिंग व्हीलमध्ये जे ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं ते मुळात तेच.

आणि मिरजेचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, इथले सतारमेकर मूळचे शिकलगार. शिकल करणे म्हणजे हत्यार घासून चकचकीत, धारदार करणे. १९व्या शतकात लढाया थांबल्या, हत्यारांचं काम आटलं, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर संस्थानच्या आश्रयानं तंबोरे, सतारी बनवायला लागले. २०२४ मध्ये त्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं.

विश्रामबाग:
मास्तर, फिटरनं एक ओळ मागितली होती 🙏

लेथवाला:
मास्तरांचं ‘पाणी’ आमच्या धंद्यात रोजचं आहे. आमच्याकडं बाहेरनं ब्लेड येतात धारेला. गिऱ्हाईक म्हणतं धार गेली, पण धार जाणं आणि पाणी उतरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे भाऊ. धार गेली तर घासून परत येते. पाणी उतरलं म्हणजे पोलादाचा कडकपणाच गेला, मग कितीही घासा, दोन शिफ्टमध्ये परत बोथट. कोरडं ग्राइंडिंग केलं, एका दमात जास्त कट घेतला, की कडेला निळा-जांभळा पट्टा उमटतो. तो पट्टा दिसला की समजायचं तेवढं जळालं.

कुपवाडचा फिटर:
हेच सांगणार होतो. दोन वर्षांपूर्वी घाई होती म्हणून भंगाराच्या ग्राइंडरचे, रोटरवरचे म्हणजे फिरत्या भागावरचे ब्लेड ओळखीतल्या एका वर्कशॉपला दिले, नाव घेत नाही. संध्याकाळी देतो म्हणाला आणि दिले पण. लखलखीत. अंगठ्याएवढ्या अंतरा-अंतरानं निळी झाक होती, मला वाटलं ऑइलचा डाग असेल, फडक्यानं पुसत बसलो, जाईना. मग लावले. तिसऱ्या दिवशी ग्राइंडरचा आवाज बदलला, ॲम्पिअर चढले, आणि जाळीखाली दाण्याऐवजी पीठ पडायला लागलं, हात लावला तर गरम. उघडून बघितलं तर निळं होतं तिथं तिथं धार लोळलेली आणि दोन ब्लेडना खांडं. सेट नवा घ्यावा लागला. शार्पनिंग शब्दावर माझा राग आहे तो म्हणूनच, त्यात पाण्याचा पत्ता नाही.

तासगावकर:
पीठ पडायला लागलं म्हणजे काय, दळायलाच टाकता ना तुम्ही?

कुपवाडचा फिटर:
आता मुद्द्यावर आलात दादा. आम्ही म्हणतो दळणे, पण ग्राइंडर दळत नाही, तो कापतो. जात्यात दोन दगडांमध्ये दाणा भरडला जातो. ग्राइंडरमध्ये रोटरवरचं फिरतं ब्लेड आणि बॉडीला बसवलेलं फिक्स ब्लेड, दोन्ही मिळून कात्री. मधली फट आम्ही फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून ०.२ ते ०.३ मिमी ठेवतो, सगळ्या लांबीत सारखी. धार चांगली तर दाणा चौकोनी, स्वच्छ पडतो. धार मेली किंवा फट वाढली की माल कापला न जाता चेंगरतो, फाटतो, लांब शेपट्या निघतात, धूळ वाढते, फिल्म असेल तर जाळीवर वितळून चिकटते. म्हणजे बोथट झाल्यावरच ते खरं दळायला लागतं. शब्दानं पोरांची समजूतच तशी झालीय, दळतंय ना, मग चाललंय ना.

तासगावकर:
अरे मग कडबाकुट्टीचं पण तेच की! नाव कुट्टी, पण कुटत कुठं, कापते. पातं बोथट झालं की कडबा नुसता चेंबटतो, जनावर तोंड लावत नाही. किर्लोस्करांनी सुरुवातीला नांगराच्या बरोबरीनं कडबा कापायची यंत्रं काढली, १९१० ला किर्लोस्करवाडी वसली, म्हणजे ही फट आणि पात्याची भानगड आपल्या जिल्ह्याला शंभर वर्षांची ओळखीची. माझा आजा तर वाळली वैरण टाकून आवाजावरनं सांगायचा पातं काढायला झालंय म्हणून.

बाय द वे आमच्या द्राक्षबागेतल्या ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला नेतो, त्या तुमच्याकडंच येतात काय?

कुपवाडचा फिटर:
येतात आणि रडवतात. त्या नळ्यांत माती, वाळू, क्षार बसलेला असतो. न धुता टाकल्या की ब्लेडला उलटी पॉलिशच होते, वाळूनं. आधी नळ्या हातभर कापून धुवून, वाळवून, मग. आणि मॅग्नेट ठेवायचाच, एक खिळा गेला की खांड पडलंच.

वाळव्याची लेक:
मी कंपनीतली नाही पण शब्दांवर बोलते. आमच्यात ‘धार काढायला गेलेत’ म्हटलं की गोठ्यात गेलेत. तुमच्या चार्टवर ‘धार काढणे’ लिहू नका, नाहीतर पोरं तांब्या घेऊन येतील 😂 विळीला आई ‘धार लाव’ म्हणायची, आणि लावायची ती दारातल्या पायरीच्या दगडावर, पाणी शिंपडून. कोरडी कधी घासायची नाही. बोथट झालेली कशी ओळखायची तर दिव्यापुढं धरायची, कडेला पांढरी रेघ चमकली की विळी मेली. चांगली धार दिसतच नाही म्हणायची.

लेथवाला:
ताई, लाख बोललात. आम्ही टॉर्च मारून हेच बघतो. धारेचं टोक गोल झालं की त्यावर उजेड परततो, म्हणून रेघ दिसते. आणि बोटानं तर कधीच बघू नये. स्लिटिंगच्या गोल ब्लेडला सुद्धा हीच टेस्ट. फिल्मच्या कडेला धूळ दिसायला लागली, रोलच्या बाजूला हात फिरवला की खरखर लागली, की टॉर्च घ्या. पोरं काय करतात, कट होत नाही म्हणून वरच्या ब्लेडचा दाब वाढवतात, त्यानं दोन दिवस भागतं आणि वरचं खालचं दोन्ही झिजतात. दाब आणि ओव्हरलॅप, म्हणजे वरचं ब्लेड खालच्यावर जेवढं चढतं ते, लागेल तेवढाच ठेवायचा.

अजून एक, रोटरचे ब्लेड धारेला देताना सगळा सेट द्या, एकटं-दुकटं नको. सगळ्यांतनं सारखंच काढायचं, नाहीतर वजन कमी-जास्त होऊन रोटर थरथरतो, बेअरिंग जातं. आणि मॅग्नेटिक चकवर, म्हणजे चुंबकानं ब्लेड धरून, घासलं असेल तर डीमॅग्नेटाइज करून घ्या, ब्लेडमधलं चुंबकत्व काढून, नाहीतर लोखंडाचा किस चिकटून बसतो धारेला.

वाळव्याची लेक:
आणि तुमचं ते घासायचं चाक, ते पण बोथट होत असेल ना? जात्याला, पाट्याला छिन्नीनं टोचून टाकी लावतात तसं त्याला काय करतात?

लेथवाला:
होतं तर. चाक गुळगुळीत झालं, रंध्रं बुजली, की ते कापत नाही, नुसतं घासून तापवतं, ब्लेड जळायचं मोठं कारण तेच. मग डायमंडनं ड्रेसिंग करतो, म्हणजे वरचा थर खरवडून चाक परत खरखरीत करतो. पण टाकी लावणे हा शब्द मला आजपर्यंत सुचला नव्हता, काम अगदी तेच आहे. उद्यापासनं वापरणार.

मिरजेचा मास्तर:
फिटरसाहेब, मग ‘पाजवणे’ लिहा. पाणी आणि धार दोन्ही त्या एका शब्दात आहेत.

लेथवाला:
नाही मास्तर, इथं अडचण होईल. पाणी द्यायचं काम भट्टीत, हीट ट्रीटमेंटवाल्याकडं. फिटरच्या पोरांनी फक्त धार लावायची आणि असलेलं पाणी राखायचं. पाजवणे लिहिलं तर मालक विचारेल भट्टी कुठाय.

मिरजेचा मास्तर:
गावात कोयता पाजवताना कुठं भट्टी असते? अर्थ सरकलाय. पण तुमचं म्हणणं चार्टपुरतं मान्य.

कुपवाडचा फिटर:
सगळ्यांना थँक्यू. काल रात्री बसून नवा चार्ट लिहिला. ग्राइंडरचं नाव ‘कटर’ केलं आणि ‘दळणे’ शब्दच काढून टाकला. बाकी ओळी अशा, मेन स्विच पाडून कुलूप, रोटरला लाकडी ठोकळा, हातमोजे, मगच ब्लेडला हात. बसायची जागा पुसून घ्या, खाली किस राहिला तर ब्लेड वाकडं बसतं. बोल्ट टॉर्क पान्यानं. काढलेले ब्लेड एकावर एक टाकू नका, तेल लावून कागदात गुंडाळून पेटीत. धार टॉर्चनं बघा, पांढरी रेघ दिसली की काढा. आणि शेवटी मोठ्या अक्षरात, ‘धार लावताना पाणी उतरू देऊ नका, चाकाला टाकी लावा.’

सकाळी सगळ्यांनी वाचलं, माना डोलावल्या. अकरा वाजता नवं पोरगं आलं, आठवडाच झालाय त्याला लागून, म्हणतंय, साहेब, टाकी पाचशे लिटरची चालेल का हजारची, प्लंबरला फोन लावू काय.

वाळव्याची लेक:
😂😂 पाणी उतरू देऊ नका म्हटल्यावर बिचारा काय करणार

विश्रामबाग:
म्हणून म्हटलेलं, शार्पनिंग लिहा.