झिजलेले शब्द

'अप्रतिम' हा शब्द ऊठसूट वापरून पार झिजला आहे, अशी तक्रार ऐकू येते, ती मला अगदी पटते. ज्याला प्रतिमा नाही, म्हणजे ज्याच्यासारखं दुसरं नाही, ते अप्रतिम. आता दिवसाला दहा गोष्टी अप्रतिम असतात, मग त्या शब्दात उरलं काय?

पण ही झीज आजची नाही. जुन्या मराठीत 'बरवा' म्हणजे सुंदर, उत्तम. त्याच घरातला 'बरा' आज जेमतेम पास होण्यापुरता उरला आहे. कोणी आपल्या कवितेला 'बरी आहे' म्हटलं की वाईटच वाटतं! 'भयंकर'चंही तसंच. 'भयंकर आवडलं' म्हणताना भय कुणाच्या मनातही नसतं, शब्द फक्त 'खूप'चं काम करतो. जोर दाखवणारे शब्द असेच लवकर दमतात आणि मग नवे शोधावे लागतात. हल्ली ते ओझं 'भारी' वाहतो आहे.

अर्थ पार बदलल्याची, कधी तर उलटल्याचीही उदाहरणं आहेत. संस्कृतात 'अपरोक्ष' म्हणजे डोळ्यांसमोर, मराठीत मात्र पाठीमागे. 'राग' म्हणजे रंग, आसक्ती, आपल्याकडे संताप. 'शिक्षा' म्हणजे शिकणं, ती आपण दंडावर नेऊन ठेवली (हे मला नेहमीच खटकतं).

म्हणून बदलाला माझा विरोध नाही. दुःख होतं ते एका शब्दाने बाकीच्यांची जागा खाल्ली की. सुरेख, देखणं, नेटकं, सुबक, लोभस, रेखीव यांच्या छटा वेगवेगळ्या आहेत. सुबक अक्षराला आणि लोभस हसण्याला एकच 'मस्त' कसं पुरेल?