कोल्हापुरात स्नोड्रॉप जमेल का?

गच्चीबाग: स्नोड्रॉपचे (थंड प्रदेशातलं पांढरं कंदफूल) प्रकार जमवायचे आहेत. रंकाळ्याजवळ घर, परसात काळी माती. कंद जगतील का?

कंदवेडा: नाही. त्याला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते, आपल्याकडची पहाटेची थंडी पुरत नाही. फ्रिजमध्ये गार करून एकदा फूल काढता येईलही, पण पुढं आपला उन्हाळा आणि पावसाची ओल कंद कुजवते. त्याच कुळातली रेन लिली जमवा. पांढरी कँडिडा, पिवळी सिट्रिना, गुलाबी रोझिया यांपासून सुरुवात करा.

काळ्या मातीत थेट लावू नका, पाणी धरून ठेवते. ८ इंची कुंडीत २ भाग तांबडी माती, १ भाग जाड वाळू, १ भाग गांडूळखत. कंदाची मान मातीच्या पातळीला, अंतर ५ सेंमी. उन्हाळ्यात ३-४ आठवडे पाणी तोडा, मग भरपूर द्या, की फुलं येतात. वळीव पडला तर उत्तमच. कँडिडाला मात्र एवढं कोरडं ठेवू नका.

परसातली: प्रत्येक प्रकाराला वेगळी कुंडी हवीच. बी शेजारच्या कुंडीत पडलं की संग्रहाचा खिचडा! बोंड उकलताच काळं, चपटं बी गोळा करून ताजंच पेरा, जुनं झालं की उगवण घटते.

गच्चीबाग: पानांना अळी लागते म्हणे?

परसातली: हो, पावसाळ्यात. काळी, ठिपक्यांची, पानं फस्त करून कंदात शिरते. संध्याकाळी वेचून काढा. कंद विषारी असतात, लहान मुलं नि कुत्र्यापासून लांब ठेवा.