शिडाची बोट: वेग वाढवला की इंजिन तापतं. हेड खोलायच्या आधी काय काय तपासू?

वाळूज_टूलरूम

नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरची, वाळूजला एका टूलरूममध्ये डिझाइन बघते. भावासोबत भागीत घेतलेली २७ फुटी फायबरची शिडाची बोट दाभोळ खाडीत नांगरलेली असते. सुट्टी जुळली की पुणे, ताम्हिणी, माणगाव करत तिकडे जातो. त्यामुळे तिथे हातात असलेला वेळ फार मोलाचा असतो, आणि म्हणूनच जाण्याआधी इथे विचारते आहे.

इंजिन दोन सिलिंडरचं डिझेल. आत कूलंट फिरतं. समुद्राचं पाणी वेगळ्या पंपाने ओढलं जातं, कूलंट गार करणाऱ्या हीट एक्स्चेंजरमधून जातं आणि एक्झॉस्टमध्ये मिसळून मागून बाहेर पडतं. आयडलला (गिअर न टाकता, कमीत कमी वेगावर) कितीही वेळ ठेवा, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. २२०० आरपीएमवर नेलं की पंधरावीस मिनिटांत अलार्म वाजतो. मागून पाणी येतं, पण वेगाच्या मानाने कमी, आणि त्यासोबत पांढरी वाफ. वेग उतरवला की काटा आपोआप खाली येतो.

कूलंट कमी होत नाही. पट्टा घट्ट आहे. समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) याच हंगामात नवा टाकला. गाळणीची जाळी साफ आहे. तिकडचा एक मेकॅनिक म्हणतो हेड गॅसकेट (सिलिंडरच्या झाकणाखालचं सील) गेलं, हेड खोलू. भाऊ म्हणतो थर्मोस्टॅट (ठराविक तापमानाला कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलू.

शिडाची बोट आहे तर इंजिनाची एवढी काळजी कशाला, असं घरचे विचारतात. दुपारी खारा वारा समुद्राकडून आत येत असतो आणि त्याच वेळी ओहोटीचं पाणी जोरात बाहेर निघतं. तेव्हा खाडीच्या तोंडाशी लाटा अक्षरशः उभ्या राहतात. वाट अरुंद, वारा समोरून. तिथे शिडावर वळणं घ्यायला जागा नसते. त्या अर्ध्या तासात इंजिनाने साथ द्यायलाच हवी. पावसाळ्याआधी विजयदुर्गापर्यंत जायची फार इच्छा आहे.

लातूर_डिझेल

ताई, बोटीला मी आजवर हात लावलेला नाही. पण दोन सिलिंडरचं डिझेल म्हणजे आपल्या रोजच्या कामातलं. हेडला एवढ्यात हात लावू देऊ नका. गॅसकेट गेलं की कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात, पाणी बाहेर फेकतं, नाहीतर ऑइल दुधावानी होतं. इंजिन गार असताना टाकीचं झाकण काढा, मग चालू करून बघा. बुडबुडे नसले आन् काडीवरचं ऑइल काळं-स्वच्छ असलं, तर आधी दुसरीकडं शोधा.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी तापवून बघा. त्यावर आकडा कोरलेला असतो, त्या तापमानाला तो उघडायला लागतो का बघायचं. न उघडणारा थर्मोस्टॅट आयडललाबी कधी ना कधी तापवणारच. तुमचं आयडलला तापत नाही, म्हणून माझा त्याच्यावर संशय कमी आहे.

माझा संशय सक्शनवर. आमच्याकडं विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपाला टाचणीएवढं भोक पडलं तरी बाहेर थेंबबी दिसत नाही. तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. शेतकरी म्हणतो मोटार गेली, आन् आपण जाऊन एक वायसर बदलून येतो. तुमच्या पंपानं हवा धरली असंल का ते बघा.

डिझेलचा फिल्टर बदलला असेल तर नळीतली एअर काढून घ्या. इंजिन धरत नसलं तर स्टार्टर मारत राहा, धरतंय.

अंबाजोगाई_चीफ

जहाजाच्या इंजिनरूममध्ये माझी नोकरी झाली, आता घरी अंबाजोगाईला असतो. लातूरकरांचं निदान मला पटतं. फक्त त्यांच्या शेवटच्या वाक्यावर आधी बोलतो, कारण बोटीवर ते धोक्याचं आहे.

ट्रॅक्टरचा एक्झॉस्ट कोरडा असतो, बोटीचा ओला. स्टार्टर फिरतो तेव्हा समुद्राच्या पाण्याचा पंपही फिरतो आणि एक्झॉस्टच्या मफलरमध्ये पाणी ढकलत राहतो. इंजिन पेटलेलं नसल्यामुळे ते पाणी बाहेर फेकायला धुराचा दाब नसतो. मफलर भरतो आणि पाणी एक्झॉस्ट वाल्वमधून थेट सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून एअर काढताना, किंवा इंजिन पटकन धरत नसेल तेव्हा, सीकॉक (समुद्राचं पाणी बोटीत आत घेणारा बुडाचा नळ) बंद ठेवूनच स्टार्टर मारायचा आणि इंजिन पेटल्या क्षणी सीकॉक उघडायचा. ताई, हे तुमच्या भावालाही नीट समजावून सांगा.

आता तापण्याबद्दल. पार्ट बदलत बसू नका, पाण्याच्या वाटेने चाला. सीकॉकपासून सुरुवात करायची आणि मागच्या नळीपर्यंत एकही जागा सोडायची नाही.

आधी मोजमाप घ्या. छोट्या होडीत बसून एक्झॉस्टखाली बादली धरा. आयडलला किती सेकंदांत भरते आणि २२०० ला किती सेकंदांत, लिहून ठेवा. हा पंप इंजिनालाच जोडलेला असतो, वेग वाढला की पाणी त्या मानाने वाढायलाच हवं. वाढत नसेल तर दोष समुद्राच्या पाण्याच्या बाजूला आहे, हेडमध्ये नाही.

मग सीकॉक बंद करून त्याच्यावरची नळी सुटी करा आणि क्षणभर सीकॉक उघडा. पाण्याला भरपूर जोर दिसला पाहिजे. बारीक धार आली तर बाहेरच्या तोंडाशी बार्नॅकल आणि शिंपल्यांनी घर केलंय. सीकॉक पितळी आहे का तेही बघा. खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतलं जस्त निघून जातं, खरवडल्यावर आतून गुलाबी रंग दिसतो आणि धातू बिस्किटासारखा ठिसूळ होतो. असं दिसलं तर इंजिन बाजूला ठेवा, तो आधी बदला. ब्राँझचाच घ्या.

गाळणीची जाळी साफ आहे म्हणता, पण गाळणीच्या झाकणाचं रबर बघितलं का? झाकण पाण्याच्या रेषेच्या वर असेल तर ते कधीच गळताना दिसणार नाही, हवाच ओढेल. आयडलला ओढ कमी असते म्हणून भागतं. वेग वाढला की ओढ वाढते, हवा जास्त शिरते आणि पाणी कमी होतं. तुमच्या लक्षणांशी हे तंतोतंत जुळतं.

पंप उघडाल तेव्हा झाकणाच्या प्लेटवर आतून बोट फिरवा. इम्पेलरने गोल खाच पाडलेली असेल तर नवा इम्पेलरही पाणी नीट ढकलू शकत नाही, बाजूने मागे सुटतं. कागदी गॅसकेट मूळ जाडीचंच हवं, जाड घातलं तर तीच गत. इम्पेलर बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको.

एक प्रश्न: जुना इम्पेलर काढला तेव्हा त्याची पाती पूर्ण होती का? तुटलेलं रबर कुठेतरी गेलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतं.

शेवटी एक्झॉस्टचा कोपर, जिथे पाणी धुरात मिसळतं. तिथे मीठ आणि काजळी मिळून दगडासारखा थर बसतो. नळी काढून टॉर्च मारा.

आणि हे सगळं होईपर्यंत खाडीच्या तोंडातून जाल तेव्हा मोठ्या शिडाचं कव्हर काढलेलं, चढवायची दोरी अडकवलेली आणि नांगर सोडायला तयार असलाच पाहिजे. इंजिन नीट असतानाही.

नाथसागरकाठ_पैठण

आमची होडी गोड्या पाण्यातली, तिच्यावर छोटं आउटबोर्ड. त्यामुळे शिंपल्यांचा त्रास आम्हाला नाही, पण जाळ्यांचा आहे. ताई, गिअरमध्ये टाकल्यावर इंजिन पूर्ण आरपीएम घेतं का? बोट ढकलणाऱ्या पंख्याला जुनं जाळं किंवा प्लास्टिकची दोरी गुंडाळलेली असली, किंवा बुडाला शिंपले वाढले असले, तर इंजिनावर बोजा पडतो आणि ते तापतं. तेव्हा धूर काळा येतो. तुमची वाफ पांढरी म्हणता, तरी एकदा डुबकी मारून हात फिरवून घ्या. किल्ली काढून, खिशात घेऊनच पाण्यात उतरा.

इतर धातूंऐवजी स्वतः झिजावा म्हणून गोड्या पाण्यात आम्ही मॅग्नेशियमचा अॅनोड लावतो. तो खाऱ्या पाण्यात भराभर विरघळतो, म्हणून इकडचं ऐकून तिकडे लावू नका.

वाळूज_टूलरूम

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आले. जसं सुचवलं तशाच क्रमाने केलं.

बादली आधी. आयडलला जेवढा वेळ लागला, २२०० ला त्याहून थोडाच कमी. म्हणजे चीफसाहेब म्हणाले तसं पाणी वाढतच नव्हतं. कूलंटच्या टाकीत बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ. हेडचा विषय तिथेच संपला आणि मला फार बरं वाटलं.

सीकॉक ब्राँझचा निघाला, तोंड मोकळं, पाण्याला जोर. मग गाळणी आणि पंपाच्या मधली नळी काढून तिथे फवारणीच्या पंपाची जाळीची पारदर्शक नळी तात्पुरती बसवली. ती मी इथूनच, जाधववाडीच्या बाजूच्या दुकानातून नेली होती. साधी पारदर्शक नळी ओढीने चपटी होते, जाळीची होत नाही. भावाने वेग वाढवला आणि मी टॉर्च धरून बसले. १२०० पर्यंत नळीत निव्वळ पाणी. १५०० च्या पुढे बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली आणि २२०० ला नळी पांढरी दिसायला लागली. झाकण हाताने घट्ट दाबून धरलं की बुडबुडे जवळजवळ थांबायचे. सोडलं की पुन्हा सुरू. झाकणाची रबरी रिंग काढली तर ती प्लास्टिकसारखी कडक झाली होती, वाकवल्यावर तडा गेला. नवी ओ-रिंग बसवली, बुडबुडे बंद.

पंपाच्या प्लेटवर खाच होतीच. डेप्थ मायक्रोमीटरने ०.१५ मिमी भरली. चाचणीपुरती ती प्लेट उलटी करून बसवली, निघताना काढून इथे आणली आणि सरफेस ग्राइंडरवर सपाट करून ठेवली आहे.

जुना इम्पेलर आधीच्या मालकाच्या सुट्या भागांच्या पिशवीत मिळाला. दोन पाती नाहीत. हीट एक्स्चेंजरचं टोपण उघडलं तर तिथे रबराचे तुकडे, नळ्यांच्या तोंडावर आडवे. ते चिमट्याने काढले, नळ्यांमधून लाकडी काडी फिरवली. डुबकीही मारली, पंखा स्वच्छ होता.

पुढच्या भरतीला बाहेर काढली. खाडीच्या तोंडापर्यंत २२०० वर गेलो आणि बाहेर पडून आणखी तासभर चालवलं. काटा आयडलच्या जागेवरच. मागून पाणी असं ठोसे मारल्यासारखं बाहेर पडत होतं की भावाला मी दोनदा मागे पाठवलं बघायला.

आता आमची सवय अशी: बोट सोडून निघताना सीकॉक बंद करायचा आणि इंजिनाची किल्ली सीकॉकच्या दांड्यालाच अडकवायची. पुढच्या वेळी किल्ली घ्यायला हात तिथे गेल्याशिवाय इंजिन चालूच होणार नाही. बुडात साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा तरंगता स्विच मात्र थेट बॅटरीला जोडलेला आहे, मेन स्विच बंद असला तरी तो चालतो. १२.२ व्होल्टच्या खाली बॅटरी अर्धी उतरलेली असते, म्हणून सोलर पॅनेल तिच्यावर कायम ठेवतो. डिझेलची टाकी भरून निघतो. अर्धी रिकामी ठेवली तर कोकणातल्या दमट हवेत आत पाणी सुटतं आणि मग डिझेलमध्ये काळा चिकट गाळ वाढतो. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याच्या आधी गावातल्या होड्या किनाऱ्यावर घेऊन शाकारतात. त्याच उधाणाच्या भरतीला आमचीही वर घेतात.

एक उरलं. हीट एक्स्चेंजरमध्ये पेन्सिलीसारखा जस्ताचा अॅनोड आहे, तो जवळजवळ संपलाय. वाळूजला जस्ताची सळई मिळेल, लेथवर एका दुपारी दहा करून ठेवू शकते. करू का?

लातूर_डिझेल

ताई, एक्झॉस्टवालं मला नव्यानं कळलं. चीफसाहेब, तुमचे आभार. हे मी आमच्या पोरांनाबी सांगितलं.

अंबाजोगाई_चीफ

ताई, वाचून समाधान झालं. पारदर्शक नळीची युक्ती उत्तम.

अॅनोड मात्र बाजारातल्या कोणत्याही जस्ताचा करू नका. त्यात लोखंडाचा अंश असला, अगदी थोडा असला, तरी पाण्यात त्याच्या पृष्ठावर एक थर बसतो आणि तो विरघळायचा थांबतो. दिसायला नवाकोरा राहतो, आणि त्याच्या जागी हीट एक्स्चेंजरचा तांब्याचा भाग झिजत राहतो. मरीन ग्रेडची सळई तपासणीच्या दाखल्यासह मिळत असेल तर जरूर करा, आटे फक्त मूळ नमुन्याशी जुळवून घ्या. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नका, अॅनोडचा धातूशी थेट संपर्क राहिला पाहिजे. अर्धा झिजला की बदलायचा. पूर्ण संपायची वाट बघितली की त्याचं टोक तुटून आत पडतं, आणि तुम्ही आत्ताच जिथून रबर काढलं तिथेच अडकतं.

आणि विजयदुर्गाला निघण्याआधी डोलकाठीच्या तारा बघा. बोट जुनी आहे, तारा केव्हाच्या आहेत हे आधीच्या मालकाला विचारा. दहा-पंधरा वर्षांच्या असतील तर बदलायच्या. खालच्या टोकाला, जिथे तार धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते, तिथे तपकिरी डाग किंवा केसाएवढी चीर दिसते का ते भिंगाने बघा. तारेवर जुना सुती फडका फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथला पदर तुटलेला आहे. फोटो टाका, मी बघून सांगतो.