मदत हवी आहे: स्विफ्ट पाडव्याला उचलू की नवीनची वाट बघू? (अर्जंट)

कंदीपेढा (२३ मार्च २०२४, रात्री ११:४०)
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. स्विफ्ट घ्यायची ठरलीये, घरात एकमत झालंय (आमच्याकडे ही बातमीच आहे). शोरूमवाला म्हणतो सोमवारपर्यंत बुकिंग करा, पाडव्याला गाडी दारात, डिस्काउंट चांगला देतो, नंतर ऑफर बंद. मेव्हणा म्हणतो थांब, नवीन मॉडेल येतंय, आत्ता घेतलीस तर दोन महिन्यांत जुनी होईल. जपानमध्ये डिसेंबरातच आली म्हणे. काय करू? "दुसरी गाडी बघा" छाप सल्ले कृपया नकोत. उत्तर सोमवारच्या आत हवंय.

थ्रॉटल
व्हेरियंट कुठलं? मॅन्युअल की एएमटी (क्लच नसलेली ऑटोमॅटिक)? पेट्रोल की सीएनजी? रनिंग किती? गाव कुठलं? यातलं काहीच न सांगता काय सांगणार आम्ही?

पुणेरी_पाटी
"चांगला डिस्काउंट" हे माप आमच्या वेळी शाळेत शिकवलं नव्हतं. आकडा टाका.

सीएनजीवाला
एवढा विचार कशाला? डोळे झाकून सीएनजी घ्या आणि आत्ताच घ्या. कंपनी ३०.९० किमी सांगते किलोला. शिवाय आपल्याकडे महाराष्ट्रात सध्या दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, सीएनजीला ७. हे चार टक्के कुणी बोलत नाही. नवीन आली की तिच्यात सीएनजी पहिल्या दिवसापासून मिळेलच असं नाही, कंपन्या ते मागाहून आणतात.

कंदीपेढा
सीएनजी नको, डिकी लागते. व्हीएक्सआय पेट्रोल मॅन्युअल. डिस्काउंट पन्नासच्या आसपास, अ‍ॅक्सेसरीज धरून. सातारा. आता सांगा.

थ्रॉटल
"अ‍ॅक्सेसरीज धरून" म्हणजे रोख किती? मॅट, मडफ्लॅप आणि सीट कव्हरची किंमत तोच ठरवणार आणि तोच ती "फ्री" देणार. ते सगळं वजा करा आणि एक्स-शोरूममधून (टॅक्स-इन्शुरन्सआधीच्या किमतीतून) खरोखर किती कमी करतोय ते लेखी मागा. कोटेशनमध्ये "हँडलिंग" नावाची ओळ असेल तर तीही खोडायला लावा.

नदीतला_गोटा
माझं मत ठाम आहे. जुनी घ्या. कारण एकच, इंजिन. आत्ताच्या स्विफ्टला चार सिलिंडर आहेत, ताकद ९० पीएस. जपानमध्ये आलेल्या नवीनला तीन. तीन सिलिंडर ते तीनच, सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंगला हात लावून बघा, कळेल. मायलेजच्या नादात कंपनीने एक सिलिंडर कमी केला आणि लोक त्यालाच "अपडेट" म्हणतायत. चार सिलिंडरवाली स्विफ्ट परत मिळणार नाही.

थ्रॉटल
गोटेभाऊ, नवीन गाडी इथे अजून कुणी चालवलेली नाही. तुम्ही कुठल्या स्टिअरिंगला हात लावलात? आणि त्या चार सिलिंडरवर एवढं प्रेम असेल तर तेच १.२ इंजिन बलेनोत आहे, वॅगनआरच्या १.२ मध्ये आहे. म्हणजे पार्ट मिळायचीही काळजी नाही. हा मुद्दा जुनी घेण्याच्या बाजूचाच आहे, पण तुम्ही देताय ते कारण नाही.

नदीतला_गोटा
तीन सिलिंडरच्या दुसऱ्या गाड्या चालवल्यात मी. खंबाटकी घाटात भरल्या गाडीने चढून दाखवा आणि मग माझ्याशी बोला.

मुक्कामपोस्ट_वाई
खंबाटकीत कुठलीही गाडी सुट्टीच्या दिवशी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्येच चढते, सिलिंडर कितीही असोत. पुढे कंटेनर असतो.

पुणेरी_पाटी
नवा बोगदा कधी होणार आहे, कुणाला माहीत आहे का? सहा पदरी म्हणे. साताऱ्याकडून पुण्याला येताना निदान जुना बोगदा तरी आहे, जाताना घाटाशिवाय पर्याय नाही.

मुक्कामपोस्ट_वाई
काम चालू आहे. रोज बघतोय. टोल मात्र खेड शिवापूर आणि आनेवाडी दोन्हीकडे रस्ता पूर्ण झाल्यासारखा घेतात.

कंदीपेढा
अहो बोगद्याचा वेगळा धागा काढा ना. उद्या रविवार, परवा मला उत्तर द्यायचंय.

पाचतारा
तुम्ही दुसरी गाडी सुचवू नका म्हणालात म्हणून सुचवत नाही, फक्त माहिती देतो. डिसेंबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्यांची क्रॅश टेस्ट करणारी संस्था) आत्ताच्या स्विफ्टला पाचपैकी एक तारा दिला. एक. तुम्ही म्हणताय त्या व्हीएक्सआयला एअरबॅग दोन. ऑक्टोबर २०२३ पासून ह्युंदाईच्या निऑसला सगळ्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग आहेत. टाटाच्या अल्ट्रोझला २०२० मध्येच पाच तारे मिळालेत. गाडीत मागे कोण बसतं? लहान मुलं आहेत का? पन्नास हजारांच्या डिस्काउंटमध्ये हे बसतं का, तुम्हीच ठरवा.

नदीतला_गोटा
झालं सुरू. साधी छत्री घ्यायचा धागा काढला तरी यांचे पाच तारे येतील.

पाचतारा
येतील. छत्री १०० च्या स्पीडने जात असेल तर नक्कीच.

सीएनजीवाला
१०० ने जाता कशाला? ८० ने गेलात तर मायलेजही मिळतं.

चकचकीत
गाडी नवी घ्या, जुनी घ्या, पण शोरूममध्ये टेफ्लॉन कोटिंग करून घेऊ नका. बाहेर निम्म्या पैशात होतं. काळा रंग घेणार असाल तर पीपीएफच (रंगावरची पारदर्शक फिल्म) करा. पांढरा असेल तर काहीच गरज नाही.

कंदीपेढा
रंग लाल. कोटिंगबद्दल मी विचारलेलं नाही. मागे आई-बाबा बसतात, मुलगी आहे सात वर्षांची. आता प्लीज कुणीतरी हो किंवा नाही सांगा.

बाणेरची_मावशी
इतका वेळ नुसतं वाचत होते. एकच विचारते: जी गाडी तुम्हाला पाडव्याला देणार आहेत ती बनली कुठल्या महिन्यात?

कंदीपेढा
ताई, नवीकोरी आहे. महिना कसला?

बाणेरची_मावशी
नवीकोरी म्हणजे न विकलेली. बनली कधी हा वेगळा प्रश्न आहे. फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं आणि तेच आरसीवर चढतं. तुम्ही २०२४ च्या पाडव्याला पेढे वाटाल, पण पाच-सात वर्षांनी विकायला काढाल तेव्हा समोरचा आरसी बघून "२०२३ ची आहे" म्हणेल. वर "मागच्या पिढीची". भाव दोनदा पडतो. बुकिंगआधी चॅसिस नंबर मागा, यार्डात जाऊन गाडी डोळ्यांनी बघा. बॅटरी, टायरवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी शिक्का, वायपरचं रबर. उन्हात उभी राहिलेली गाडी रबरावर लगेच दिसते. गाडी तुमच्या नावावर व्हायच्या आत बघायचं, नंतर बघून उपयोग नाही.

आणि मॉडेल बदलायच्या वर्षात डिस्काउंट का मिळतो, याचाही विचार करा. डीलरला नवी गाडी यायच्या आत यार्ड रिकामं करायचंय. सोमवारची घाई तुमची नाही, त्याची आहे.

थ्रॉटल
+१. मावशींनी विषय संपवला.

कंदीपेढा (२४ मार्च)
सेल्समनला फोन केला. आधी म्हणाला सर लेटेस्ट आहे. चॅसिस नंबर मागितल्यावर म्हणाला बघून सांगतो. मग सांगितलं, ऑक्टोबर २०२३. "पण आमच्याकडे आत्ताच आलीये." म्हटलं जानेवारीनंतरची द्या, तर म्हणे त्या लाल नाहीत आणि त्यावर डिस्काउंट निम्मा.

पुणेरी_पाटी
निम्मा म्हणजे किती, हे आपण अजूनही विचारतो आहोत.

जुनं_ते_सोनं
मी नेहमीच सांगतो, नवीन घ्यायचीच कशाला? दोन-तीन वर्षं वापरलेली सिंगल ओनर बलेनो घ्या. पहिली घसरण दुसऱ्याने सोसलेली असते.

पाचतारा
वापरलेल्या गाडीचा अपघाताचा इतिहास कुठून काढणार?

जुनं_ते_सोनं
सर्व्हिस रेकॉर्ड. बोनेटखालचे बोल्ट. रंगाची जाडी मोजायचं मशीन मिळतं. शिका जरा.

(इथे दोघांचे अकरा प्रतिसाद एकमेकांवर. संपादकांनी वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)

बाणेरची_मावशी
पेढेवाले, अजून एक. पाडवाच का? आत्ता घरात गाडी आहे की नाही? ती काढून टाकायची घाई आहे का?

कंदीपेढा
आहे ना, २००९ ची वॅगनआर. जूनमध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतात, पासिंग संपतंय. म्हणून तर घाई. शोरूमवाला एक्स्चेंजमध्ये घेतोय, त्या पन्नासात एक्स्चेंज बोनस धरलाय.

थ्रॉटल
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं! म्हणजे पन्नासातून एक्स्चेंज बोनस गेला, अ‍ॅक्सेसरीज गेल्या. शिल्लक काय राहिलं? आणि मुदत जूनची आहे, पाडव्याची नाही.

मुक्कामपोस्ट_वाई
पासिंग संपलं म्हणजे गाडी भंगारात असं नाही. री-पासिंग पाच वर्षांचं होतं. एप्रिल २०२२ पासून कारला फी पाच हजार झाली आहे, वर ग्रीन टॅक्स आणि इन्शुरन्स चालू पाहिजे. मुदत टळली की महिन्याला पाचशे दंड. आमच्या थोरल्या बंधूंनी केलं, आरटीओत एक सकाळ गेली. हेडलाइट, हॉर्न, हँडब्रेक बघतात. वॅगनआर ठणठणीत असेल तर करून घ्या आणि मग वर्षभर निवांत नवीन गाडी बघा.

नदीतला_गोटा
वर्षभर थांबून तीन सिलिंडरच मिळणार.

थ्रॉटल
गोटेभाऊ, आता गाणं बदला.

जुनी_खोड
थांबणाऱ्यांना दुसरी बाजू सांगतो, कारण इथे सगळेच थांबा म्हणतायत. स्विफ्ट २००५, २०११, २०१८ अशी बदलत आली आहे. मागच्या बदलाच्या वेळी काय झालं ते आठवा. मे २०१८ मध्ये ५२,६८६ नव्या स्विफ्ट आणि बलेनो ब्रेकच्या व्हॅक्यूम होजच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. १ डिसेंबर २०१७ ते १६ मार्च २०१८ या काळात बनलेल्या. म्हणजे स्विफ्टचा पहिलाच लॉट. काम फुकट करून दिलं, पण गाडी घेऊन चार महिने झाले नाहीत तोच सर्व्हिस सेंटरची वारी. पहिल्या लॉटची गाडी मी कधीच घेत नाही. निघाली की सहा महिने इतरांना चालवू द्यावी.

थ्रॉटल
हे पटलं. पण मग जूनची मुदत, पहिला लॉट आणि जुना स्टॉक, तिन्ही एकदम सांभाळायचं तर री-पासिंगच करावं लागेल. किंवा रिकॉलला न घाबरता घ्यायची. रिकॉल म्हणजे कंपनीने स्वतःहून बोलावलं. न बोलावणं जास्त वाईट.

सीएनजीवाला
वॅगनआरलाच बाहेरून किट बसवा.

कंदीपेढा (२५ मार्च)
सकाळी जाऊन यार्डात गाडी बघितली. पुढच्या काचेच्या खाली वाळकी पानं अडकलेली, वायपर उचलला तर रबराची पट्टी काचेलाच चिकटून राहिली. सेल्समन म्हणाला बदलून देऊ सर. बुकिंग केलं नाही. बाबा नाराज आहेत, पाडव्याला गाडी येणार म्हणून त्यांनी सोसायटीत सांगून ठेवलं होतं.

चकचकीत
पानं अडकलेली असतील तर क्लिअर कोटवर डाग पडतात. कोटिंगचं बघा.

थ्रॉटल (१० एप्रिल)
धागा वर काढतोय. कंपनीने आजपासून स्विफ्टच्या किमती २५ हजारांपर्यंत वाढवल्या. पेढेवाले, तुम्ही काय केलंत?

नदीतला_गोटा
बघा. सांगत होतो.

बाणेरची_मावशी
जायच्या वाटेवरच्या गाडीची किंमत वाढवली की उद्या येणाऱ्या गाडीची किंमत कमी भासते. बाकी काही नाही.

थ्रॉटल (९ मे)
आली आज. ६.४९ लाखांपासून, एक्स-शोरूम. व्हीएक्सआय ७.२९ च्या पुढे. सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) अगदी खालच्या व्हेरियंटपासून. तीन सिलिंडर, साधारण ८२ पीएस, टॉर्क (ओढायचा जोर) ११२ एनएम, म्हणजे जुन्याच्या ११३ पेक्षा जेमतेम एकने कमी. मॅन्युअलला २४.८ किमी सांगतात, जुनीला २२.३८ होतं. मागे एसी व्हेंट आलेत, पण वरच्या व्हेरियंटला. सीएनजी आत्ता तरी नाही.

सीएनजीवाला
सीएनजी नाही हे मी मार्चमध्येच लिहिलं होतं. वर जाऊन वाचा.

पाचतारा
सहा एअरबॅग म्हणजे पाच तारे नव्हेत. क्रॅश टेस्ट होऊ द्या.

कंदीपेढा (१८ मे)
सगळ्यांना धन्यवाद. वॅगनआरचं री-पासिंग टाकलंय, जूनची टांगती तलवार गेली. काल नवीन चालवून बघितली. सिग्नलला किंचित थरथर आहे, गोटेसाहेब त्यात चुकीचे नाहीत, पण चालायला लागली की कळत नाही. घाटात चौथ्यावरून तिसऱ्यावर लवकर यावं लागतं. आई मागे बसली, उतरताना म्हणाली सीट बरी आहे, काचा लहान आहेत. व्हीएक्सआय बुक केली, ११ हजार भरून. दसऱ्याच्या आधी नको म्हणून सांगितलंय, म्हणजे पहिला लॉट निघून जाईल. यावेळी दुसऱ्या शोरूममध्ये. इन्शुरन्सचं मात्र डोकं चालत नाहीये, ते लोक त्यांच्याकडूनच घ्या म्हणून मागे लागलेत.

बाणेरची_मावशी
सक्ती करता येत नाही. बाहेरचं कोटेशन त्यांच्यापुढे ठेवा, बरेचदा तिथेच उतरतात. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचं) तीन वर्षांचं एकदम घ्यावं लागतं, १००० ते १५०० सीसीला १०,६४० अधिक जीएसटी, ते कुठेही तेवढंच. फरक ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात) असतो. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) दोन्हीकडे सारखी धरून मगच तुलना करा, नाहीतर आयडीव्ही खाली ओढून स्वस्त दाखवतात. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) पाहिजेच. चावी हरवण्याचं कव्हर वगैरे नको.

पुणेरी_पाटी
ऑन रोड किती झाली? पूर्ण ब्रेकअप टाका.

कंदीपेढा
चांगली बसली.