निर्वासितांना गावोगाव वाटून टाकायचं म्हणणाऱ्यांसाठी

उप्सालावाला: "निर्वासितांना छोट्या गावांत वाटून टाका, म्हणजे भाषा शिकतील, मिसळतील" अशी पोस्ट काल फिरत होती आणि स्वीडनमधली आपली मराठी मंडळी खाली माना डोलावतायत. अहो स्वीडनने हे १९८५ ते ९४ करून बघितलंय, "हेला स्वेरिये", सगळ्या देशभर वाटणी. गावं कुठली निवडली, तर जिथे घरं रिकामी पडली होती ती, आणि घरं रिकामी का, तर तिथलं कामच संपलं होतं म्हणून! एडिन, फ्रेडरिकसन आणि ओस्लुंड या अर्थतज्ज्ञांनी मोजलं, या धोरणातल्या लोकांची आठ वर्षांनंतरची कमाई, धोरण नसतं तर झाली असती त्यापेक्षा साधारण २५ टक्के कमी.

मालमोकर: पेपर शेवटपर्यंत वाचलात का? तेच लेखक म्हणतात की बराचसा तोटा सगळ्याच भागांत सारखा झाला, कारण त्याच काळात सरकारने नोकरीचा आग्रह सोडून भत्त्यावर भर दिला. अर्धाच निष्कर्ष उचलायचा आणि लोकांवर ओरडायचं हे मला पटत नाही.

उप्सालावाला: बरं, सगळं खापर वाटणीवर नको, एवढं घ्या तुमचं. पण त्याच तिघांचा २००३चा पेपर? कमी शिकलेला माणूस आपल्या लोकांच्या मोठ्या वस्तीत जास्त कमावतो. मला स्वतःला इथली पहिली नोकरी एका नगरच्या माणसाने सांगितली, कुठल्या ऑफिसने नाही.

मालमोकर: वस्ती कमावत्या लोकांची असेल तर फायदा जास्त, हेही त्यातच आहे. स्टॉकहोमजवळचं सोदेर्तेलिये बघा, इराक युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या एका शहराने अमेरिका आणि कॅनडा मिळून घेतले त्यापेक्षा जास्त इराकी घेतले. १९९४ पासून आश्रय मागणाऱ्यांना स्वतः घर शोधायची मुभा होती, मग एकेका फ्लॅटमध्ये गाद्या टाकून कुटुंबं राहिली, पोरांनी अभ्यास कुठे करायचा?

मीनल: संशोधन राहू दे, घरांचं बोला. आम्ही स्टॉकहोमच्या भाड्याच्या घरांच्या रांगेत किती वर्षं आहोत, सारखी सेकंड हँड, म्हणजे पोटभाड्याची घरं बदलतोय, मुलीची शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. आणि २०१६च्या कायद्याने नगरपालिकेला वाटून दिलेले निर्वासित घ्यावेच लागतात. टॅक्स आम्ही पण भरतो ना?

उप्सालावाला: मीनलताई, कित्येक नगरपालिका ते घर दोनच वर्षं देतात, मग ते कुटुंब तुमच्याच रांगेत. माझ्या शेजारची सीरियन बाई मुलांना घेऊन असंच घर सोडून गेली, मोठा मुलगा नववीत होता.

मीनल: तिचं वाईट वाटतं. पण माझ्या मुलीचं कोणाला वाटतं?

मालमोकर: मला वाटतं. १९६५ ते ७४ दहा वर्षांत याच देशाने दहा लाख घरं बांधली, तेव्हा जमलं मग आता का नाही? राग तिकडे काढा की.

मीनल: तुमचं स्वतःचं घर आहे म्हणून सुचतंय. आम्ही जूनमध्ये परत सामान बांधतोय.

उप्सालावाला: मालमोकर, घरं बांधायची तर आहेतच, पण ती कामं आहेत तिथे बांधा. मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

मालमोकर: पहिल्यापासून तुम्ही २५ टक्के सांगत होतात.