वेन्सलीडेल मेंढीच्या मानेत कचरा, बरगडीवर लोकर जटते, काय करावं?

डेल्सकर:
इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशायरमध्ये माझ्या 6 वेन्सलीडेल माद्या आहेत. जूनमध्ये पहिली कातरणी झाली. पाठीच्या बटा 25 सेंमी, रेशमासारख्या चमकदार. पण मानेत गवताचा चुरा, आणि दोघींच्या बरगडीवर लोकरीचा पार नमदा, म्हणजे जटून घट्ट थर झालाय. माल हातसूत काढणाऱ्यांना विकायचा आहे. मेंढ्यांना कापडी कोट घालू का? वर्षातून दोनदा कातरू का?

माळरान:
मानेतला कचरा गव्हाणीचा. चाऱ्याची जाळी डोक्याच्या वर असेल तर एक मेंढी ओढते आणि चुरा शेजारणीच्या मानेत पडतो. जाळी छातीच्या उंचीला आणा, मेंढ्या बाहेर असतानाच भरा. खाली लाकडाचा भुसा नको, लांब काड्यांचा पेंढा घाला. कोटाच्या फंदात पडू नका. मेरिनो जातीच्या मेंढीला तो चालतो. इतकी लांब बट कोटाखाली घासून उलट जास्त गुंतते.

नमद्याचं कारण बहुधा वेगळं. जंत, ताप किंवा खाण्याची आबाळ झाली की तेवढ्या काळात वाढलेला धागा बारीक पडतो, तुटतो आणि सुट्या तारा बटेत अडकतात. मग पाऊस आणि कुंपणाला घासणं. तपासायचं असं: पेन्सिलीएवढी जाड बट घ्या, दोन्ही टोकं धरून कानाजवळ झटका द्या. टणकन वाजली तर उत्तम. करकरली तर कच्ची. तुटली तर कापलेल्या टोकापासून अंतर मोजा. महिन्याला साधारण 2 सेंमी वाढ धरली तर 6 सेंमी म्हणजे मार्च. त्या महिन्यात काय झालं ते वहीत बघा.

चाती:
दोनदा कातरणं गिऱ्हाइकावर ठरवा. 12-13 सेंमीची लोकर पिंजणयंत्रावर जाते. 25 ची यंत्राच्या फिरत्या ढोलाला गुंडाळून बसते, ती फणीनेच विंचरायची. पण हातसूतवाले आणि बाहुल्यांचे केस करणारे पैसे मोजतात ते लांब बटेचेच. आपल्याकडे दख्खनी मेंढी दोनदा कातरतात, पण ती घोंगडीची भरड लोकर, तो हिशोब इथे लागू नाही. शिवाय शरद ऋतूत कातरलीत तर तिथल्या थंडीत आडोसा लागेल.

डेल्सकर:
जाळी डोक्याच्या वरच आहे! धुण्याचं काय?

चाती:
आधी पोटाची, शेपटाजवळची, जटलेली लोकर वेगळी काढा. बटा टोकांना टोकं लावून जाळीच्या पिशवीत, 500 ग्रॅमला 20 लिटर पाणी, 60 अंश, भांड्याचा साबण. 20 मिनिटं बुडवून ठेवा, ढवळू नका. पाणी कोमट होऊ दिलंत तर सुटलेला मेणचटपणा परत धाग्यावर बसतो आणि वाळल्यावर लोकर चिकट लागते. दुसरं साबणपाणी आणि दोन्ही खळबळण्या तितक्याच गरम पाण्यात. नळाची धार थेट लोकरीवर सोडू नका, बटांचा पीळ विस्कटतो.

माळरान:
आणि कातरणीच्या आदल्या रात्री मेंढ्या छपराखाली, उपाशी. ओली लोकर पोत्यात भरलीत तर पिवळी पडते, मग कितीही धुवा.